मामांच्या पोटाची शिवण

पोट उघडायला अक्कल लागते, शिवायला नुसता धागा पुरतो, असं मामा म्हणत. मामा नावाजलेले सर्जन होते. रुंद, दूरदूरचे टाके घालून ते असे करकचून आवळत की भूलतज्ज्ञ बाईंचा चहा यायच्या आत पोट बंद! पुढे काही पोटांची शिवण आतून उसवे आणि आतडं कातडीखाली फुग्यासारखं डोकावू लागे. तेव्हा मामा पेशंटलाच झापत, "वजन उचललंत ना? खोकलात ना?"

त्यांच्या हाताखाली त्यांची सख्खी भाची होती, नुकतीच सर्जन झालेली. ती पोटाचा पांढरा, चिवट पडदा तेवढा सुईत धरी, तोही काठाशी जेमतेम, आणि टाके अगदी लागून घाली. जखमेच्या लांबीच्या चौपट तरी धागा आत गेलाच पाहिजे, म्हणून उरलेला धागा मोजपट्टीने मोजून बघे.

"रुमालावर वेलबुट्टी काढतेस का गं?" मामा विचारत.

"फार आवळलं की तिथलं रक्त थांबतं, मामा. मग ते चिघळतं, नाहीतर फाटतं."

"इथं सर म्हण. आणि आटप."

एके दिवशी मामांच्याच आतड्याला पीळ पडला. पोट टम्म फुगलं, उलट्या थांबेनात. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नव्हतं. टेबलावर आडवे झाले तेव्हा त्यांचा जुना वर्गमित्र हातमोजे चढवत होता आणि मदतीला भाची उभी होती.

"घाबरू नकोस लेका. शिवताना तुझाच कित्ता गिरवतो. चहाच्या आत बंद!"

मामांना दरदरून घाम फुटला. आजवर झापलेले पेशंट डोळ्यांपुढे रांगेनं उभे राहिले. भाचीला शिवायला सांगावं तर सगळ्या सिस्टरांसमोर जन्मभराची ऐट मातीत. न सांगावं तर पोटाची वाट.

"शिवायला... हिला दे," ते कसेबसे म्हणाले. "पोरीला तेवढाच सराव."

"पण मला वेळ लागतो, सर," भाची मास्कआडून म्हणाली.

"मला कुठं जायचंय? आणि मामा म्हण."

भूलतज्ज्ञ बाई दाराकडे वळून म्हणाल्या, "आज चहा दोनदा सांगा."

महिने उलटले. जखम ना चिघळली, ना फुगली. मामांना मात्र चैन पडेना. रोज आंघोळीनंतर आरशासमोर सदरा वर करून ते मुद्दाम खोकत.

"अहो, औषध घ्या की," मामी वैतागल्या.

"खोकला झालेला नाही. कुठं उसवतंय का बघतोय."

"उसवलं तर?"

"तर त्या कार्टीला चार शब्द सुनावता येतील!"

त्यांनी सगळा जीव एकवटून पुन्हा खोकून पाहिलं. पोट जागच्या जागी. मामांनी सदरा खाली ओढला, पलंगावर बसले आणि सुतकी आवाजात म्हणाले, "अगं, आपल्याकडे मोजपट्टी आहे का एखादी?"