कापसाची भिंत

"काका, लोक इथे आनंद साजरा करायला येतात. त्यांच्या तोंडात बोळा कोंबू का मी?" सभागृहाचा मॅनेजर हसत म्हणाला.

"तोंडात नको, फटाक्यांत कोंबा," गादीवाला म्हणाला. "निदान आधी सांगत तरी जा. आमच्या हिचं हृदय कमजोर, डॉक्टरांनी दचकायची मनाई केलीय."

"मग मनाईची पाटी घरावर लावा की!"

गादीवाला घरी आला. पुढे दुकान, मागे खोली आणि खोलीच्या खिडकीपलीकडे हे सभागृह. त्याच्या गाद्यांची ख्याती अशी, की एक हवालदार एकदा घटकाभर टेकला तो निवृत्त होऊनच उठला. गिऱ्हाइकापुढे तो गादीत मूठ दाबायचा. "बघत बसा. तासाभरात खळगा आपोआप भरतो. कापूस आहे, माणसाचं मन नव्हे."

दुकान बंद ठेवून त्याने खोलीला कापूस चढवला. भिंतींना, खिडकीला, छताला. दुकानातून आवाज शिरू नये म्हणून मधल्या दाराला तर दुहेरी गादी.

"अहो, मी काय काचेची बरणी आहे?" बायको म्हणाली. "पार्सल करून कुठे धाडताय मला?"

"धाडतोय कुठे? इथंच ठेवतोय."

संध्याकाळी बार उडाले. समोरच्या न्हाव्याने दचकून गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. आत बायको निवांत वाटाणे सोलत होती.

"उडवले का? मला वाटलं, शेजारीण उशी झटकतेय."

गादीवाल्याची छाती एवढी फुगली, की सदऱ्याचं बटण तुटलं. तिनेच ते हसत हसत लावून दिलं.

मग तिला झोप लागू लागली. चेहऱ्यावर रंग आला.

पूर्वी आतून "अहो" ऐकू आलं, की तो मशीनवरूनच ओरडायचा, "आलो गं!" एका दुपारी खोळ शिवताना आतून काहीच ऐकू आलं नाही. झोपली असेल, म्हणून तो खूश होता. चहा घेऊन त्याने दार ढकललं, ते पुरतं उघडेना. फटीतून तो कसाबसा आत शिरला.

ती दाराशीच बसली होती. डोकं गादीला टेकलेलं, हात अजून कोमट. दारावरच्या कापसात मुठीएवढे खळगे होते, वरून खाली उतरत गेलेले. तिने हाकाही मारल्या असणार. गादी दोन्ही बाजूंना सारखीच जाड होती.

गल्ली गोळा झाली. मॅनेजर धावत आला, दारातच थांबला.

"काका, आज एक फटाका उडू देणार नाही. यापुढेही नाही. शब्द देतो."

"उडवा हो," गादीवाला म्हणाला. "आता कोण दचकतंय?"

पण कुणीच काही उडवलं नाही. त्याने मागितली होती तेवढी शांतता झाली, वर थोडी जास्तच.

दारावरचे वरचे खळगे एव्हाना भरून आले होते. कापूस चांगला होता. सगळ्यात खालचा तेवढा उरला होता, तोही हळूहळू वर येत होता. गादीवाला जमिनीवर बसला. त्या खळग्यात त्याने आपली मूठ ठेवली आणि दाबून धरली.