दिराच्या हवाली केलेलं ‘फ्लुओ’

नवऱ्याच्या लॅटिन कोशाचा पहिला खंड दिराच्या नावाने छापून आला, तेव्हा वहिनी रडली नाही. रडून काय उपयोग? आयत्या बिळावर नागोबा बसला, तर त्याला हाकलावाच लागतो. आयुष्यभर नवऱ्याने अर्थ शोधले, हिने ते ताडून पाहिले, आणि नवरा जाताच प्राध्यापक दीर म्हणाला, “वहिनी, दादाचे कागद वाळवीला कशाला घालता?” आणि ते उचलून घेऊन गेला.

दुसऱ्या खंडाचे कागद मागायला तो आला, तेव्हा तिने चहा दिला, कागदही दिले. फक्त ‘फ्लुओ’, म्हणजे ‘वाहणे’, या क्रियापदाचं पान तिने नव्याने लिहिलं होतं. पाणी वाहतं, घाम निथळतो, सैल कपडा ओघळतो, हातातली शस्त्रं गळून पडतात, हे सगळे अर्थ नवऱ्याचेच ठेवले. व्युत्पत्ती मात्र बदलली. त्याने लिहिलं होतं, मूळ अर्थ फुगून उतू जाणं. तिने लिहिलं, रंगाऱ्यांच्या बोलीतला कापड पिळण्याचा शब्द. पुराव्याला एका कवीची ओळ जोडली. तो कवी कधी जन्मलाच नव्हता. दिराने एकदा जरी ताडून पाहिलं असतं, तरी डाव फसला असता आणि नवऱ्याचं नाव कायमचं बुडालं असतं. पण ताडून बघायचे कष्ट त्याने जन्मात घेतले नव्हते.

विद्वानांच्या सभेत दिराने नेमकं तेच पान निवडलं. नवीन शोध म्हणे. रंगारी, पिळलेलं कापड, कवीची ओळ, सगळं घोळवून घोळवून सांगितलं. मग मागच्या रांगेत बसलेली वहिनी उठली.

“भाऊजी, हा कवी कुठे वाचलात?”

“जुना आहे. हस्तलिखितात.”

“कुठल्या?”

पहिल्या रांगेतले म्हातारे गुरुजी म्हणाले, “मीही हे नाव ऐकलेलं नाही.”

दिराच्या तोंडचं पाणी पळालं. “हे दादाने लिहिलंय,” तो म्हणाला. “मी नुसतं उतरवून काढलं. पहिल्या खंडापासून सगळं त्याचंच आहे. चूक त्याची, माझी नाही.”

याच वाक्यासाठी ती टपून बसली होती.

“ऐकलंत ना सगळ्यांनी?” ती शांतपणे म्हणाली. “कोश आमच्या ह्यांचा आहे, भाऊजींचा नाही. खोटा कवी तेवढा माझा.”

दीर खाली मान घालून उभा राहिला. तिला त्याची जराही कीव आली नाही.