मांडीवरचा चुगलखोर

मी एक जुना बैठकमापक आहे. मित्रांनो, नाव ऐकून तोंड वाकडे करू नका. मोठी माणसे दिवसातला किती वेळ बसून काढतात हे मोजणे, एवढेच माझे काम होते. आकाराने मी काडेपेटीपेक्षाही लहान. रबरी पट्ट्याने मला मांडीवर बांधत. मांडी आडवी झाली की माणूस बसला, उभी झाली की उठला आणि पुढेमागे हलू लागली की चालू लागला, एवढे मला कळे. त्यापलीकडची अक्कल मला कोणी दिली नव्हती.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका मुलीने चिमट्याने माझा एकेक भाग बसवला आणि परीक्षा घ्यायला मला एका लाकडी पायावर बांधले. तिने पाय वाकवला, सरळ केला, हलवला. मी सगळे बरोबर ओळखले, तेव्हा ती म्हणाली, "शहाणा आहेस रे!" हे कौतुक मला पुढे कित्येक वर्षे पुरवून वापरावे लागले.

कारण ज्यांच्या मांडीवर मी राहिलो त्यांनी माझे कधी कौतुक केलेच नाही. मला घेऊन घरोघरी जाणारी संशोधक ताई आधी विचारी, "तुम्ही दिवसभरात साधारण किती वेळ बसता?" सगळ्यांचे उत्तर ठरलेले. "छे हो, बसायला वेळ कुठे मिळतो!" मग आठवड्याने मी खरे काय ते सांगितले की चेहरे उतरत. एका हेडमास्तरांनी तर "यंत्र बिघडलंय" म्हणून मला ताईच्या हातात जवळजवळ आदळले. बँकेतल्या एका कारकुनाने माझे नाव 'मांडीवरचा चुगलखोर' ठेवले आणि ते मला कायमचे चिकटले. वाईट वाटायचे, पण खोटे बोलणे मला जमतच नव्हते.

मला सगळ्यात जास्त आठवतात ते घड्याळवाले काका. त्यांचे दुकान म्हणजे एक अरुंद खोली. तिच्या तिन्ही भिंतींवर घड्याळेच घड्याळे, आणि सगळी एकाच क्षणी ठोके देत. याचा काकांना कोण अभिमान! डोळ्याला भिंग लावून ते खुर्चीत बसले की बसले. पूर्वी संध्याकाळी ते आणि काकू नदीवरच्या पुलापर्यंत फिरायला जात. हल्ली काकू एकट्याच जात. "गिऱ्हाईक आलं तर?" असे म्हणून काका जागचे हलत नसत. शेवटी काकूंनीच ताईला दुकानात आणले.

"ह्यांचं बसणं मोजा एकदा," त्या म्हणाल्या. "खुर्ची झिजली, पण हे काही उठत नाहीत."

"माझी दिवसभर उठबस चालूच असते," काका ठसक्यात म्हणाले. "खोटा ठरलो, तर रोज तुझ्याबरोबर पुलावर येईन."

ताई मला तिथे ठेवून गेली. मित्रांनो, काकांनी मला मांडीवर बांधलेच नाही. भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या घड्याळाचे दार उघडून त्यांनी मला चक्क लंबकाला बांधले! लंबक उभा, शिवाय पुढेमागे हलणारा. मला वाटले, असा पायाला भिंगरी लावलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही.

आठवड्याने ताईने माझी नोंद पाहिली आणि तिला हसू आवरेना. "काका, तुम्ही दिवसा चालताच, पण रात्रभरही चालता? एक पाऊलसुद्धा मागेपुढे नाही?" आयुष्यभर घड्याळे दुरुस्त करणारा माणूस लंबक रात्रीही थांबत नाही हेच विसरला होता. काकूंनी कपाळाला हात लावला. काका लहान मुलासारखे लाजले.

दुसऱ्या आठवड्यात मात्र काकूंनी मला स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घेतले. दिवसभर मांडी आडवी. पण दुपारी काकू घरी जेवायला गेल्या की काका दुकानाचे दार ओढून घेत आणि पुलाच्या दिशेने निघत. कोपऱ्यापर्यंत जाताच त्यांची मांडी थरथरू लागे. ते भिंतीला टेकून उभे राहत आणि परत फिरत. रोज असेच. गिऱ्हाइकाचे निमित्त होते, पाय साथ देत नव्हते. आणि हे फक्त मला ठाऊक होते.

आठवडा संपल्यावर ताईने संगणकाच्या पडद्यावर माझ्या नोंदीवर बोट ठेवून विचारले, "काका, रोज दुपारी हे थोडंसं चालणं कसलं? मधेच थांबतं आणि परत येतं."

काका भिंग पुसत राहिले. काकूंनी ती छोटीशी रेघ बराच वेळ पाहिली. "पुलाकडे जात होतात ना?" त्या हळूच म्हणाल्या. "मला सांगायचं तरी!"

"तू थांबत थांबत आली असतीस माझ्यासाठी," काका म्हणाले. "ते मला नको होतं."

"मग काय झालं? मला कुठं गाडी पकडायची होती?"

त्या दिवशी मला प्रथमच वाटले, आपली चुगली कुणाच्या तरी कामी आली.

दुसऱ्या दिवशी काकांनी जे केले ते त्यांना किती जड गेले असेल, हे घड्याळवालाच जाणे. त्यांनी भिंतीवरची सगळी घड्याळे मागेपुढे केली. आता ठोके एकत्र पडेनात. थोड्या थोड्या वेळाने एकेक घड्याळ वाजे आणि काका उठून त्याला किल्ली द्यायला जात.

"काका, तुमच्या दुकानात एकही घड्याळ बरोबर नाही!" गिऱ्हाइके थट्टा करत.

"वेळ हवी असेल तर मनगटावरचं बघा. ही माझ्या पायांसाठी आहेत," काका म्हणत.

संध्याकाळी दोघे निघत. आधी कोपऱ्यापर्यंत, मग बेकरीपर्यंत. आणि एके दिवशी काका पुलावर पोहोचले. ताईने मला आणखी काही आठवडे त्यांच्याकडेच राहू दिले होते, म्हणून मी त्यांच्या मांडीवर होतो. दोघे कठड्याला टेकून कितीतरी वेळ उभे होते. परत येताना माझा सेल संपला. पुढे मनगटावरची नवी यंत्रे आली, मला कोणी विचारेना. ताईने मला काकांनाच देऊन टाकले. काकांनी मला त्या मोठ्या घड्याळाच्या पेटीत ठेवले आणि म्हणाले, "बस आता निवांत. तुला कोण मोजतंय!"

आता काका नाहीत. काकू रोज घड्याळांना किल्ली देतात. ती अजूनही एकमेकांशी जुळत नाहीत, आणि काकू जुळवतही नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी मोठे माणूस "बसायला वेळ कुठे मिळतो" असे म्हणत बसूनच राहिलेले दिसले, तर त्याच्याकडून हिशेब मागू नका, त्याला हसूही नका. कदाचित त्याला एकट्याने निघायची भीती वाटत असेल. त्याच्यापुढे हात करा आणि म्हणा, "चला, हळूहळू जाऊ."

माझी शेवटची नोंद अजून माझ्या पोटात आहे. ती पुलावरून परतीच्या वाटेवरची आहे. त्यानंतर काका बसल्याची नोंद माझ्याकडे नाहीच. माझ्या हिशेबाने ते अजून काकूंबरोबर चालतच आहेत.