पंचवीसपैकी चार

गणिताच्या बाईंचा दरारा एकोणीस वर्षं एकाच शाळेत टिकला होता. जिन्यावर चप्पल वाजली की वर्ग चिडीचूप. यजमान गेल्यावर मात्र त्या गावात त्यांचा जीव रमेना, म्हणून वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी परदेशातल्या शाळेत नोकरी धरली. तेरा वर्षांची लेक मावशीकडे राहिली. नोकरीचे पहिले सहा महिने परीक्षेचे. त्यात बाई पास झाल्या की लेकीला त्याच शाळेत प्रवेश. बाईंनी लेकीसाठी दुसरी खाट पहिल्याच आठवड्यात आणून ठेवली होती.

नवी शाळा बाईंच्या पचनी पडेना. घंटा नाही. पोरं गोल करून बसायची, बाईंना सरळ नावाने हाक मारायची, आणि पाणी प्यायला विचारल्याशिवाय उठायची. बाईंनी तेही गिळलं. लेकीसाठी त्यांनी काय काय गिळलं असतं देव जाणे.

पहिली चाचणी झाली. बाईंनी पेपर तपासले आणि हाताच्या सवयीनेच गठ्ठा लावला, सर्वात जास्त गुण वर, सर्वात कमी खाली. मग उभ्या राहून नाव आणि गुण मोठ्याने वाचत एकेक पेपर वाटला. तिथे गुण ज्याचे त्याला, घडी घातलेल्या कागदात देतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. शेवटचा पेपर खिडकीजवळच्या उंच, किडकिडीत मुलीचा होता.

"चार! पंचवीसपैकी चार. पेपर लिहीत होतीस की झोपा काढत होतीस?"

या वाक्यावर जुना वर्ग हमखास खिदळायचा. इथे कुणी हसलं नाही. मुलीने पेपर घेतला, दप्तर उचललं आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मुख्याध्यापिकेने बोलावलं तेव्हा नोकरी गेली, असंच बाईंनी धरलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "ही मुलगी दोन वर्षांनी कुठे वर्गात तोंड उघडायला लागली होती. तुमच्या नोकरीला धक्का नाही, पण तिची माफी मागा."

नोकरी वाचली म्हणताच बाईंचा जीव भांड्यात पडला. माफीचं त्यांना फारसं काही वाटलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी लेकीला फोन लावला आणि सगळा किस्सा रंगवून सांगितला. "काय गं बाई ही नाजूक पोरं! चार गुण वाचले तर घरी जाऊन बसली महाराणी!"

पलीकडून हसू आलं नाही.

"आई, सहावीत माझा पेपर शेवटचा होता. सात गुण."

"अगं, पोटच्या पोरीला झुकतं माप देते असं लोकांनी म्हणू नये म्हणून..."

"माहितीये. तू तेव्हाही हेच म्हणालीस. झोपा काढत होतीस का, हेही म्हणालीस. सगळे हसले. ती मुलगी निदान घरी जाऊ शकली. मी कुठे जाणार होते? घरी पण तूच होतीस."

वर्गात आई म्हणायचं नाही, बाई म्हणायचं, हा नियमही त्यांचाच होता.

"मी इथेच राहते, आई. मावशीला विचारलंय. मी कधीपासून सांगणार होते."

"चुकलं गं माझं," बाई म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. लेक रडत नव्हती, चिडलीही नव्हती. "अगं, असू दे," एवढंच म्हणाली, आणि मावशी जेवायला बोलावतेय म्हणून तिने फोन ठेवला. बाई भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडल्या. पोरीने दोन वर्षं हे पोटात ठेवलं आणि रोज त्यांच्याच हातचा डबा खाल्ला, याचं त्यांना सर्वात जास्त लागलं.

सोमवारी किडकिडीत मुलगी शाळेत आली. बाईंनी तिला बाकाशी गाठून खालच्या आवाजात माफी मागितली, अगदी मनापासून. मुलीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, "ठीक आहे" म्हणाली, आणि पेपरातलं दुसरं गणित पुढे सरकवलं. हे कसं करायचं? बाईंनी शेजारी बसून ते तीनदा समजावलं. परक्याच्या पोरीने एका मिनिटात सगळं विसरून टाकलं.

मधल्या सुट्टीत ऑफिसातल्या कारकून बाई प्रवेशाचा अर्ज घेऊन आल्या. "तुमच्या मुलीचा. सहा महिने व्हायच्या आधीच तयार करून ठेवलाय, फक्त सही राहिली आहे."

"ती येत नाही."

"अरेरे! का? शाळा आवडली नाही का तिला?"

"शाळा तिने पाहिलीच कुठे," बाई म्हणाल्या. "तिला शिक्षिका माहीत आहे."

कारकून बाईंना ती थट्टा वाटली. त्या खळखळून हसल्या, आणि अर्ज घेऊन परत गेल्या.