खारूताईचे वाकडे दात

मित्रांनो, मी एक जुने मॉडेल आहे. फॅशनवाले नव्हे, प्लास्टरचे, आणि तेही दातांचे. वरचा आणि खालचा जबडा मिळून मी एक. हे दात ज्या मुलीचे, तिला तिचा दादा ‘खारूताई’ म्हणे, कारण तिचे पुढचे दोन दात ओठांबाहेर डोकावत आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या अंगावर रेललेला होता. ती हसताना तोंडावर हात धरायची. म्हणूनच आई तिला दात सरळ करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली.

माझ्या जन्माच्या वेळी सगळ्यांच्या नाकी नऊ आले. माप घ्यायचे म्हणजे ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून तो दातांवर दाबून धरायचा. पहिले माप सकाळच्या दुधासकट डॉक्टरांच्या ॲप्रनवर आले.

“नाकानं श्वास घे आणि पायाचे अंगठे हलवत राहा,” डॉक्टर म्हणाल्या.

“अंगठ्यांचा काय संबंध?” आईने विचारले.

“काहीच नाही हो. लक्ष तिकडे राहतं.”

खारूताईने अंगठे हलवले आणि दुसरे माप साधले. मापात प्लास्टर ओतले, ते घट्ट झाले आणि मी बाहेर आले. माझी पाठ घासून सपाट केली, म्हणजे दोन्ही जबडे पाठीवर टेकवून ठेवले की दात बरोबर जुळावेत. मला पाहून कोणी ‘किती छान’ म्हणाले नाही. मी जशीच्या तशी वाकडी उतरले होते, आणि वाकडी होते म्हणूनच कामाची होते.

पुढे तिच्या दातांना तारा लागल्या. ती आली की डॉक्टर मला खोक्यातून काढत, तिच्या तोंडाशी धरत आणि दात किती सरकले ते बघत. दर वेळी ती माझ्यापासून थोडी दूर जाई. तारा निघाल्या तेव्हा तिचे नवे मॉडेल केले. सरळ, देखणे. ते दाराजवळच्या काचेच्या कपाटात बसले आणि येणारा जाणारा त्याचे कौतुक करू लागला. मी खोक्यात धूळ खात पडले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

मग स्कॅनर आला. टूथब्रशच्या मुठीएवढी कांडी तोंडात फिरवली की पडद्यावर दात उमटतात. ना लगदा, ना उलटी. मुले आपलेच दात गोल गोल फिरवून खिदळतात. मला त्याचा राग आला नाही. पोरांचे हाल वाचले, आणि मी तरी किती दिवस पुरणार होते? एक कोपरा उडाला होता, एक दात डिंकाने चिकटवलेला होता. डॉक्टरांनी जुनी मॉडेल्स एकेक करून स्कॅन केली आणि पोत्यात भरली. त्यात ते देखणे मॉडेलही गेले. मी मात्र टेबलावर कागद उडू नयेत म्हणून राहिले. एवढीच माझी बढती.

एके दिवशी खारूताई आली. चांगली उंच झाली होती. आईच्या कपाळावर आठ्या होत्या. तारा निघाल्यावर दात जागेवर राहावेत म्हणून रोज झोपताना प्लेट घालायची असते. पण बाईसाहेबांनी बाहेर जेवताना ती कागदी रुमालात गुंडाळून ठेवली, आणि रुमालाबरोबर ती कचऱ्यात गेली.

“आणि घरी पत्ता लागू दिला नाही!” आई म्हणाली. “रोज झोपताना प्लेटची रिकामी डबी खट् करून वाजवायची. मला वाटायचं, घातली प्लेट.”

“तू ओरडशील म्हणून,” खारूताई पुटपुटली. “डॉक्टर, परत तारा लावाव्या लागतील का?”

डॉक्टरांनी तिचे दात स्कॅन केले आणि ते त्या देखण्या मॉडेलच्या स्कॅनवर ठेवले. जागचा हललेला पुढचा दात पडद्यावर लाल दिसू लागला.

“एवढासाच तर सरकलाय,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी मला कागदांवरून उचलून तिच्या हातात दिले.

“शी! कोणाचे आहेत हे?”

“तुझेच,” आई म्हणाली.

तिचा तो दात पुन्हा माझ्या बाजूला झुकला होता. मित्रांनो, माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्याकडे परत येत होते! ती कसनुशी हसली, आणि हसताना तिचा हात आपोआप तोंडावर गेला. तो हात पाहिला आणि मला माझीच लाज वाटली.

“आत्ता सावरलीस तर तारा नकोत,” डॉक्टर म्हणाल्या. “जुन्या स्कॅनवरून नवी प्लेट होईल. थोडे दिवस घट्ट वाटेल. पण मशीन प्लेट करून देईल, तोंडात घालून नाही देणार.”

जाताना खारूताईने मला मागून घेतले. आता मी तिच्या उशाशी, डबीच्या शेजारी असते. झोपताना डबी खट् वाजते आणि मग प्लेट दातांवर टक् करून बसते. खट् ऐकून आई फसली होती. मी टक् ची वाट पाहते.

मित्रांनो, तुमच्याकडे अशी प्लेट असेल तर जेवताना ती डबीतच ठेवा. हरवलीच तर त्याच दिवशी सांगा. ओरडा खाऊन संपतो, दात मात्र थांबत नाहीत.

काल ती दमून आली होती. डबी खट् वाजली आणि दिवा बंद झाला. पुढे काहीच ऐकू आले नाही. मी फार थकले आहे, मित्रांनो, पण कोणी पुन्हा माझ्यासारखे व्हावे असे आता मला वाटत नाही. मी तशीच ताटकळत राहिले. मग अंधारात एक हात चाचपडत आला. त्याचे बोट माझ्या पुढे आलेल्या दाताला लागले आणि तिथेच थांबले.

“हो गं बाई, घालते,” खारूताई म्हणाली.

टक्.