पश्चिमेची भिंत

मानोरा गावाजवळच्या तांड्यात पश्चिमेला खिडकी कोणी ठेवत नाही. ठेवली तर वैशाखात दिवस मावळेपर्यंत ऊन घरात ठाण मांडून बसतं. रामसिंग गवंडी हीच समज घेऊन कोकणात गेला. मासेमारीच्या एका जुन्या गावात समुद्राकाठी नवी घरं होत होती. त्यातल्या एका घराची समुद्राकडची भिंत त्यानं, नकाशाकडे न बघता, बिनखिडकीची उभी केली.

मुकादमानं कपाळाला हात लावला. पण गाव होड्या रंगवणाऱ्यांचं. कोरी भिंत दिसताच त्यांनी तिच्यावर आतून शिडं, नावा, बांगडे चितारले. भिंत वाचली. रामसिंगच्या मोबाइलवर शेवटपर्यंत तिचाच फोटो होता.

भाद्रपदात तो वारला. माघात त्याच्या जोडीच्या धनराजचा तिकडून फोन आला. "मंजू, तुह्या बाची भिंत पाडून राह्यलो. नव्या मालकिणीले खिडकी पाह्यजे."

मंजू शाळेत शिकवायची. रजा टाकून निघाली. भिंत राहू द्या, एवढंच तिला म्हणायचं होतं.

"भीत पाह्याले इतल्या लांब? इथं काय कमी हायेत?" आई म्हणाली, आणि भाकरी बांधून दिल्या.

तिथं पोचल्यावर धनराजनं 'आमच्या गावची पोरगी' म्हणून ओळख करून दिली. मालकीण पौर्णिमाताई खुर्चीत बसून होत्या. "गुडघे गेले गं. मुलगा बोटीवर असतो, बंदरावर जाणं होत नाही. इथून बोट येताना दिसली की पुरे."

मंजूचं वाक्य ओठांवरच राहिलं. "पाडा," ती म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

भिंत काही ऐकेना. दुपारपर्यंत हातभर भोक पडलं. "छिन्नीचं लोखंड खाऊन राह्यली," धनराज घाम पुसत म्हणाला. "मुकादमाच्या शिव्या कालवल्या भाऊनं सिमेंटात."

"गवंडी कोण होता?" पौर्णिमाताईंनी विचारलं.

"माझे वडील."

पौर्णिमाताई म्हणाल्या, "आधी नाही सांगितलंस."

"तुमचा मुलगा बोटीवर असतो ना."

चारच्या सुमाराला मधला भाग कोसळला. धूळ बसली, समुद्र दिसला, आणि त्याच्यामागोमाग ऊन सरळ खुर्चीवर आलं. पौर्णिमाताईंनी डोळ्यांवर पदर ओढला. "अगं आई, हे तर भाजतंय."

"रामसिंगभाऊ म्हनतच होता," धनराज म्हणाला.

मंजू उठली आणि समुद्राकडे पाठ करून भगदाडात उभी राहिली. तिची सावली खुर्चीपर्यंत गेली.

"हं, बरं वाटलं," पौर्णिमाताई म्हणाल्या. "पण जराशी बाजूला हो बाय. बोट यायची वेळ झाली."

मंजू अर्धं पाऊल सरकली. आता बाईंच्या डोळ्यांवर सावलीही होती, आणि समोर पाणीही.