ढगाला पडलेलं भोक

वेधशाळेत सगळे त्यांना ढगोबा म्हणत. माणसाचं तोंड विसरतील, पण ढगाचं विसरणार नाहीत. नोकरीभर डोळ्यांत तेल घालून आभाळ पाहिलं आणि म्हातारपणी त्या डोळ्यांनीच दगा दिला. डावा गेल्या वर्षी गेला. डॉक्टर म्हणाले होते, "आता उजव्याला जपा. बघताना मधोमध डाग दिसायला लागला, तर यालाही तेच झालंय म्हणून समजा. मग माझ्याही हातात फारसं काही नाही."

त्या दुपारी ढगोबा गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते. आभाळभर कापसाच्या बारीक पुंजक्यांची पातळ चादर पसरली होती. आणि त्या चादरीत चक्क एक गोल, करडं भोक!

"अगं ए, वर ये! हातातलं टाक आणि ये!"

बायको ओल्या हातांनीच धावत आली. "काय हो, पडलात की काय?"

"भोक पडलंय ढगाला! जन्मभर वाट बघितली याची." ढगोबा सांगतच सुटले. "या ढगातलं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी गोठत नाही, त्याला निमित्त लागतं. मधून एखादं विमान गेलं की तेवढ्या जागचे थेंब गोठतात. ते बर्फाचे कण आजूबाजूच्या थेंबांचं पाणी ओढून घेतात, जड होतात आणि खाली पडतात. मागे राहतं भोक. आणि एकदा पडायला लागलं ना, की वाढतच जातं बघ!"

"दिसलं हो, केवढं मोठं आहे!" ती म्हणाली.

ढग पूर्वेकडे सरकत होते. भोक मात्र जागचं हलत नव्हतं. ढगोबांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. डोंगरमाथ्यावरचा भिंगाच्या आकाराचा ढग वाऱ्यातही एका जागी ठाण मांडून बसतो, कारण तो एका कडेनं बनत असतो आणि दुसऱ्या कडेनं विरत असतो. पण भोकाला ढगाबरोबर जावंच लागतं.

"कुठंय? बोट दाखव बरं."

तिनं पाण्याच्या टाकीच्या वर कुठंतरी बोट दाखवलं. ढगोबा पाहत होते ते बरोबर उलट्या बाजूला. इतक्या वर्षांच्या संसारात तिला एक खोटं धड बोलता आलं नव्हतं. त्यांनी टाकीकडे मान वळवली. भोकही टाकीवर आलं. खाली पाहिलं, तर गच्चीच्या फरशीला भोक.

एवढा जाणता माणूस, आणि आपल्याच डोळ्याचं मरण बघून टाळ्या पिटत बसला होता.

"अहो, मला वाटलं तुम्हाला दिसतंय तर…" तिचा आवाज चिरकला.

ते तिच्याकडे वळले. तिचे पिकलेले केस दिसले, दोन्ही कान दिसले, ओले हात दिसले. मधे काहीच नव्हतं.

"रडतेस का गं?" ढगोबांनी विचारलं.